डोक्यातला आवाज गप्प कसा करायचा? चार महिन्यांपासून स्वतःलाच शिव्या घालून राहिली

उमरेडची_पोर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहून राहिली, आजवर नुसती वाचायची. वय २७, मूळची उमरेडची, नागपुरात रूम करून राहते आणि धरमपेठेत एका टॅक्सवाल्यांकडे अकाउंट्स पाहते. मनातल्या मनात हा प्रश्न डोंगराएवढा असतो आणि लिहायला बसलं की एवढुसा होऊन जातो, त्याचीच अर्धी लाज वाटते.

झालं असं की चार महिन्यांआधी एका पार्टीचं, म्हणजे क्लायंटचं, थ्री-बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरायचं होतं. १९ तारीख, म्हणजे दुसऱ्या दिवशी लास्ट डेट, ऑफिसात नुसती पळापळ. मी आयटीसीचा (खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं जे क्रेडिट मिळते त्याचा) आकडा ४८,६०० च्या जागी ४,८६,००० टाकला. एक शून्य जास्त. फाईल व्हायच्या आधीच सरांच्या नजरेत आलं, ते हसून म्हणाले "मॅडम, शून्य वाटत सुटल्या का, जरा लक्ष ठेवा", तिथंच दुरुस्त केलं आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. बस, एवढंच. पार्टीला पत्तासुद्धा नाही. सर तर त्याच संध्याकाळी विसरले असतील.

मी नाही विसरली. तेव्हापासून एकेक रिटर्न सहा-सहा वेळा तपासते. शंकर नगरला मेट्रोत बसली की सुभाष नगर येईस्तोवर डोक्यात टेप चालू, "तुला साधा आकडा लिहिता येत नाही", "उमरेडहून आली आणि इथं शहाणपणा करते", "एक ना एक दिवस सगळ्यांना कळेलच". परवा सरांनी व्हॉट्सअॅपवर नुसतं "हं" पाठवलं तर ते "हं" मी रात्री झोपेस्तोवर किती वेळा उघडून पाहिलं असेल विचारू नका. मागच्या आठवड्यात एका पार्टीला समोर बसून हिशेब समजावून सांगायचा होता, मी घसा दुखते म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या पोरीला पाठवलं. घसा काही दुखत नव्हता.

रूममेट म्हणते इग्नोर कर. यूट्यूबवर सांगतात आरशासमोर उभं राहून म्हणा मी आत्मविश्वासू आहे, मी यशस्वी आहे. तेही केलं चार दिवस. आतून बरोबर त्याच टेपच्या आवाजात उत्तर येते, "हो का?"

तर हा आवाज बंद कसा करायचा आणि कॉन्फिडन्स आणायचा तरी कुठून, कोणाला अनुभव असेल तर सांगा.

बर्डीचा_बंटी

इतकं काय टेन्शन घेऊन राहिली यार, एका शून्याचं? निगेटिव्ह विचार आला की लगेच हाकलून द्यायचा, थारा द्यायचाच नाही. रविवारी सकाळी मस्त तर्री पोहा हाण, फुटाळा तलावावर चक्कर मार, सगळं सेट.

बॅग_ठेवलेला_एमआर

बंटी, तर्री पोह्याबद्दल आपला काही वाद नाही. पण हाकलून दे म्हणतोस ना, त्यानं तो विचार जास्त चिकटतो बावा. १९८७ साली डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आला तर समोरची घंटी वाजवा. लोकांनी सरासरी मिनिटाला एकापेक्षा जास्त वेळा घंटी वाजवली, आणि नंतर अस्वल चालेल म्हटल्यावर तर ज्यांनी आधी दाबून ठेवलं होतं त्यांच्याच डोक्यात ते जास्त आलं. आता तूच पाह्य, हे वाचता वाचता तुझ्या डोक्यात काय आहे.

आणि ताई, ते आरशाचं. तुम्हाला वाटत असेल की आपल्याला तेवढंही जमलं नाही, तर तसं नाही. २००९ मध्ये कॅनडात जोअॅन वूड आणि तिच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच पडलेलं आहे त्यांना "मी प्रेमास पात्र माणूस आहे" छाप वाक्य घोकायला लावलं तर त्यांना बरं वाटण्याऐवजी उलट थोडं वाईटच वाटलं. कारण उघड आहे, वाक्य आणि आतला हिशेब जुळत नाही, मग आतला माणूस वाद घालायला उठतो. तुमचं ते "हो का?" म्हणजे हेच.

आता माझं सांगतो. मी ११ वर्षं एमआर होतो, डॉक्टरांना औषध कंपनीची माहिती देत फिरणारा. रामदासपेठ, धंतोली, रोजचं तेच, डॉक्टरांच्या केबिनबाहेर बाकावर बॅग दोन पायांत धरून बसायचं, आतले पेशंट संपायची वाट पाहायची. त्या तासा-दीड तासात मी स्वतःला जे बोलायचो ते दुसऱ्या कोणी बोललं असतं तर तिथंच हाणामारी झाली असती. शेवटी छातीत धडधड होते म्हणून ईसीजी काढला, नॉर्मल. त्या डॉक्टरांनीच समुपदेशकाकडे धाडलं. मला वाटलं तिथं कोचावर झोपवून लहानपण विचारतील. त्यांनी दिली एक शाळकरी वही.

पहिला आठवडा फक्त मोजायचं. स्वतःला शिवी दिली की शेवटच्या पानावर एक रेघ. सुधारायचं नाही, भांडायचं नाही, नुसती रेघ, किराणावाला उधारी टिपतो तशी. माझा पहिला सोमवार ४३ रेघांचा होता. मी तर त्या वहीकडे पाहतच राहिलो, इतके दिवस वाटायचं की मी "विचार" करतो आहे.

मग दुसऱ्या आठवड्यात एकेक वाक्य जसंच्या तसं लिहायचं, गुळगुळीत करायचं नाही. "मला वाईट वाटलं" असं नाही, "मूर्खा, तुला पाहून डॉक्टर तोंड फिरवते" हे असं. आणि त्याच्या खाली, हे कोर्टात टिकेल काय? पुरावा कुठला, आणि उलटा पुरावा कुठला? डॉक्टरने तोंड फिरवलं हे खरं होतं, पण त्याच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं आणि बाहेर २२ पेशंट होते, हेही खरंच होतं ना. मला ते लिहिल्यावर दिसलं.

हे काही माझ्या समुपदेशकाचं स्वतःचं डोकं नाही. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात अॅरन बेक म्हणून मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांच्या लक्षात आलं की पेशंट बोलत असतो एक आणि त्याच वेळी आतून दुसरीच एक पट्टी झरझर सरकत असते, जी तो सांगतही नाही कारण त्याला ती विचार वाटतच नाही, खरं वाटते. त्यांनी त्याला आपोआप येणारे विचार म्हटलं आणि त्यावरच अख्खी उपचारपद्धत उभी केली. त्याच्या थोडं आधी अल्बर्ट एलिस नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हेच जरा खडूसपणे सांगत होते, आपल्याकडे महाराष्ट्रात ते विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून कि. मो. फडके यांनी रुजवलं.

तर तुमचं पहिलं वाक्य घ्या, "साधा आकडा लिहिता येत नाही". अकाउंट्सवाल्या आहात, हिशेब लावा. चार महिन्यांत किती रिटर्न भरले आणि किती चुकले? इथं येऊन लिहा.

महालची_काकू

पोरी, एमआर भाऊंनी अभ्यासाचं सांगितलं, मी आपलं घरचं सांगते. मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं.

तुले जो आवाज येते ना, तो कोणाचा हाय ते आधी ऐक बरं. तुहा नाही तो. कोणाचा तरी उसना असते. माह्या डोक्यात माह्या मोठ्या बाबांचा होता, ते माह्या बाबाले म्हणायचे, "इच्यानं काही व्हत नाही, इले स्वयंपाकाले लाव." मी बीएड झाली, मुख्याध्यापिका झाली, रिटायर झाली, अन् तरी पगारपत्रक भरताना हात थरथरला का मोठे बाबा हजर. माणूस मरून २० वर्षं झाली, आवाज काही मेला नाही बाप्पा.

आता चौथीतलं पोर बेरीज चुकते. हातचा विसरते. तेव्हा आपण त्याले "तू गाढव हाय, तुहं आयुष्य वाया गेलं" असं म्हणतो काय? (काही मास्तर म्हणत होते, त्यायचं सोडा, त्यायच्या वर्गात पोरं बेरीज शिकली नाही, मार चुकवायले शिकली.) मी पाटीवर बोट ठेवून विचारायची, "हातचा कुठं गेला पाह्य." बस. पोरगं खाली पाह्यते, सापडते, हसते, पुढचं गणित करते. गाढव म्हटलं का ते पाटीकडे पाह्यतच नाही, माह्या तोंडाकडे पाह्यते.

रिटायर व्हायच्या दोनतीन वर्षं आधी माह्या ध्यानात आलं का मी ४० पोराइले जे बोलते ते स्वतःले कधीच बोलली नाही. तवापासून काही बिघडलं का मी मनात माह्या लहानपणच्या नावानं हाक मारते, "बेबे, हातचा कुठं गेला?" पहिल्यांदा लई येड्यासारखं वाटते. यजमानांनी एकदा ऐकलं, ते म्हणे कोणाशी बोलून राहिली.

तुह्या शून्याचंही तेच. शून्य कुठं गेलं हे विचार. तू कशी हायेस हे काहून विचारते?

बॅग_ठेवलेला_एमआर

काकू, एक नंबर. आणि गंमत म्हणजे तुमचं ते "बेबे" सुद्धा तपासून झालेलं आहे. मिशिगन विद्यापीठात ईथन क्रॉस आणि मंडळींनी २०१४ मध्ये छापलं, की भाषणाच्या आधी "मी का घाबरतो" ऐवजी स्वतःला नावाने किंवा "तू" म्हणून विचारलं तर लोक कमी घाबरले आणि भाषणही बरं झालं. दुसऱ्याला सल्ला देताना आपली अक्कल शाबूत असते, तेवढं अंतर ते नाव मिळवून देते.

रात्रपाळी

मी नर्सिंगमध्ये आहे, ड्युटीवरून आत्ता येऊन वाचलं. सगळे मनाचंच बोलून राहिले, कोणी त्या पोरीला विचारलं नाही की झोपते किती.

ताई, १० तारखेपासून २० तारखेपर्यंत तुमच्या फील्डमध्ये काय चालते ते मला माहिती आहे, माझी बहीणही तेच करते. रात्री एकला झोपायचं, सकाळी नुसत्या चहावर निघायचं, दुपारचा डबा चारला. अशा शरीरात कोणताही विचार घातला तरी तो काळाच निघेल. माझ्याकडे नाइटची सहावी रात्र असते तेव्हा मलाही वाटते मी जगातली सगळ्यात बेकार नर्स आहे, आणि दोन दिवस झोपली की वाटत नाही. मी तीच, वॉर्ड तोच.

आणि एकदा हिमोग्लोबिन, बी१२, थायरॉइड तपासून घ्या. आपल्या पोरींमध्ये हे कमी निघणं काही नवलाचं नाही, आणि थकवा, उदासी, धडधड यातलं बरंच काही तिथूनही येते. मनाचं समजून वर्षभर वही भरत बसाल आणि निघेल थायरॉइड, असं व्हायला नको.

धडधड सुरू झाली की एक करा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, चार मोजून घ्या आणि सहा-सात मोजून सोडा, कढत चहा फुंकल्यासारखा. श्वास बाहेर जाताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, हे काही अध्यात्म नाही, मॉनिटरवर दिसते. पण एक, हे पार्टीसमोर बसल्यावर पहिल्यांदा करायला जाल तर होणार नाही. मेट्रोत रोज करा, शंकर नगर ते सुभाष नगर, तसंही तिथं टेपच ऐकता ना.

दोन आठवड्यांच्या वर रोज उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल तर मात्र फोरमवर बसू नका. नागपुरात मेडिकल आणि मेयो, दोन्ही सरकारी हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते, रात्रीही लागते. जगून काय करायचं असा विचार मनाला शिवला जरी असेल तरी त्याच मिनिटाला फोन करा, वाट पाहू नका.

कावळा_सिव्हिल_लाइन्स

सगळ्यांनी गोड गोड सांगितलं, मी जरा कडू बोलतो. ताईंची चूक ते शून्य नाहीच. "घसा दुखते" ही आहे. त्या दिवशी पार्टीसमोर गेल्या नाहीत, हायसं वाटलं असेल, हो ना? ते हायसं वाटणं म्हणजे आवाजाला दिलेला पगार आहे. पुढच्या वेळी तो बरोबर ड्युटीवर येईल.

कॉन्फिडन्स आधी येते आणि मग काम होते असं लोकांना वाटते. माझ्या पाहण्यात उलटं आहे. मी कोर्टात जातो, पहिल्या वर्षी तारीख मागताना सुद्धा पाय लटपटायचे, आणि ते लटपटणं थांबल्यावर मी उभा राहिलो असं नाही, लटपटत उभा राहायचो. मग एक दिवस लक्षात आलं की अरे आज पायाकडे लक्षच नव्हतं.

रात्रपाळी

कावळेदादा, बरोबर आहे पण चूक चूक काय करून राहिले, तिला आधीच तो शब्द दिवसातून ५० वेळा ऐकू येते. आणि एकदम पूर्ण मीटिंगमध्ये ढकलायचं कशाला. आधी नुसती बाजूला बसू दे, सर बोलतील, तिनं फक्त एक आकडा सांगायचा.

कावळा_सिव्हिल_लाइन्स

मान्य. शब्द मागे घेतो. एक आकडा चालेल.

उमरेडची_पोर

बापरे, इतकं सगळं. दोनदा वाचलं. (सहा वेळा नाही.)

काकू, आवाज कोणाचा ते ओळखू आलं आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडली थोडी. आमच्या आठवीच्या ट्यूशनचे सर. वही पूर्ण वर्गासमोर उचलून धरायचे, "हे पहा, पांढऱ्यावर काळं." सरांनी "लक्ष ठेवा" म्हटलं होतं, आणि मी ऐकलं ते "पांढऱ्यावर काळं".

एमआर दादा, हिशेब लावला. महिन्याला ३७ पार्ट्या, चार महिने, म्हणजे १४८ थ्री-बी. त्यातलं चुकीचं भरलेलं एकही नाही. तो एक आकडा फाईल व्हायच्या आधीच पकडला गेला म्हणून मोजला नाही, मोजला तरी एक. हे लिहिलं आणि लगेच आवाज आला, "नशीब."

बॅग_ठेवलेला_एमआर

ते "नशीब" पण लिहा वहीत, त्याच्याखालीही पुरावा मागा. १४८ वेळा नशीब? लॉटरीचं तिकीट काढा मग, आम्हालाही सांगा.

बर्डीचा_बंटी

😂 मला अजून अस्वलच दिसून राहिलं

उमरेडची_पोर

१९ दिवस झाले, पुढं काय झालं ते सांगायला आली.

वही सुरू आहे. पहिल्या दिवशी २६ रेघा, मग ३१ (वाढल्या म्हणून घाबरली, मग समजलं की आता ऐकू जास्त येते), या आठवड्यात १०-१२ च्या आसपास. एक दिवस परत २८, त्या दिवशी घरून फोन आला होता, लग्नाचा विषय, ते वेगळं रामायण.

ब्लड टेस्ट केली, बी१२ चांगलंच कमी निघालं. रात्रपाळी ताई, तुमचे पाय कुठं आहेत. गोळ्या सुरू केल्या.

आणि मीटिंगला गेली. कळमन्याचे मिरचीचे व्यापारी, मूळ भिवापूरचे. सरांना आधीच सांगून ठेवलं होतं की मी फक्त टू-बीचं (आपल्याला मिळणाऱ्या क्रेडिटची पोर्टलवरची यादी) सांगेन, बाकी तुम्ही. त्यांचा प्रश्न असा की गोणीवाल्याला पैसे दिले, बिल हातात आहे, मग क्रेडिट का दिसत नाही. मला माहिती होतं, गोणीवाल्यानं त्याचं आर-वनच (विक्रीचं रिटर्न) भरलं नव्हतं, त्यानं भरल्याशिवाय आपल्या टू-बीमध्ये येतच नाही. मी बोलायला लागली आणि दुसऱ्याच वाक्यात सीजीएसटीच्या (राज्यातल्या व्यवहाराचा टॅक्स) जागी आयजीएसटी (राज्याबाहेरच्या व्यवहाराचा) म्हणून गेली. कान गरम झाले. आवाज आला, पूर्ण वाक्य यायच्या आधीच मी मनात म्हटलं, हातचा कुठं गेला, आणि तोंडानं म्हटलं, "सॉरी, सीजीएसटी." ते व्यापारी मान हलवून पुढचं बिल काढून राहिले होते. त्यांना फरकच पडला नव्हता. मग पाच मिनिटं मीच बोलली, सर मोबाईल पाहत होते.

परत येताना मेट्रोत टेप सुरू झालीच, "आयजीएसटी म्हणाली, आयजीएसटी म्हणाली". गेली नाही ती, काकू. पण मी श्वास मोजत बसली आणि मोजता मोजता सुभाष नगर गेलं, वासुदेव नगरला उतरून मागे यावं लागलं.

रिटर्न अजूनही तीनदा तपासते. कावळेदादा, हे तीन पण जास्त आहे काय? की अकाउंट्सवाल्यानं तीनदा तपासायलाच पाहिजे? चौथ्यांदा उघडायला हात शिवशिवतात, तेव्हा उठून पाणी प्यायला जाते.

महालची_काकू

तीनदा ठीक हाय. पगारपत्रक मीही तीनदाच पाह्यायची. अन् पोरी, बी१२ कमी हाय तर डबा चारले नको खाऊ आता.

उमरेडची_पोर

हो काकू. उद्या ११, आर-वनची लास्ट डेट, डबा दोनला खाते, पक्कं. दोन दिवस इकडे येणं होणार नाही.

बर्डीचा_बंटी

रविवारच्या तर्री पोह्याचं काय मग? लिस्टमध्ये माझाही उपाय होता